वाहनतळावरच्या ३१ दुचाकी आणि डझनभर सिद्धांत: उत्तर नक्की कसं लिहायचं?

पहिलंवर्ष

नमस्कार मंडळी. गुन्हेगारीशास्त्राच्या पदविकेच्या सराव प्रश्नपत्रिकेत खालचा काल्पनिक प्रसंग आहे, २० गुणांना:

"एका उपनगरी रेल्वे स्थानकाबाहेरून तीन महिन्यांत ३१ दुचाकी चोरीस गेल्या. त्यांपैकी २४ चोऱ्या सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळेत झाल्या. २० गाड्या 'पे अँड पार्क'च्या कुंपणाबाहेर, रस्त्याकडेच्या रांगेत उभ्या होत्या. १४ गाड्या पेट्रोल संपल्यावर आठ-दहा किलोमीटरच्या आत सोडून दिलेल्या सापडल्या, ५ गाड्यांचे सुटे भाग एका गॅरेजात मिळाले, १२ सापडल्या नाहीत. अटक केलेले पाच जण: १६, १७ व १९ वर्षांचे तिघे, चोरीचे पूर्वीचे गुन्हे नोंद असलेला ३४ वर्षांचा एक, आणि गॅरेजचालक. गुन्हेगारीशास्त्रातील सिद्धांतांच्या आधारे विश्लेषण करा."

पुस्तकात बेकारिया, लोंब्रोसो, दुर्खाइम, मर्टन, सदरलँड, हर्शी असे ओळीने येतात. प्रत्येकावर एकेक परिच्छेद लिहिला तर सगळंच लागू पडतंय असं वाटतं आणि उत्तर म्हणून हाती काहीच राहत नाही. एकच सिद्धांत निवडायचा असतो का? निवडायचा तर कशावरून?

दगडफूल

यादी बाजूला ठेवा, आधी प्रसंग फोडा. चोऱ्या ३१ असल्या तरी चोरीचे प्रकार किमान दोन आहेत. पेट्रोल संपल्यावर टाकून दिलेल्या १४ गाड्या म्हणजे फेरफटक्यासाठी उचललेल्या गाड्या. सुटे भाग झालेल्या ५ म्हणजे धंदा. न सापडलेल्या १२ कुठल्या खात्यात टाकायच्या? बहुतेक धंद्याच्या, कारण रस्त्यात टाकलेली गाडी आज ना उद्या कुणाच्या तरी नजरेस पडते. पण उत्तरात 'बहुतेक' असंच लिहा, ठामपणे नको. वाहनचोरीच्या अभ्यासात किती गाड्या परत मिळाल्या आणि कुठल्या अवस्थेत मिळाल्या हे सगळ्यात आधी बघतात, ते यासाठीच. दोन्ही चोऱ्यांमागची कारणं वेगळी, करणाऱ्यांची वयं वेगळी, उपायही वेगळे. दोन्हींना एकच सिद्धांत चिकटवायला गेलं की उत्तर तिथेच घसरतं.

मग स्वतःला विचारा: हा सिद्धांत मुळात कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे? हाच माणूस का, हीच जागा का, हीच वेळ का, या कृत्याला गुन्हा कोण ठरवतं, आणि काही जण सोडून देतात तर काही जण आयुष्यभर का करत राहतात, हे पाच वेगळे प्रश्न आहेत. हर्शी पहिल्याचं उत्तर देतो, शॉ आणि मॅके दुसऱ्याचं, कोहेन आणि फेल्सन तिसऱ्याचं, बेकर चौथ्याचं, मॉफिट पाचव्याचं. ही माणसं एकमेकांशी भांडतायत असं पुस्तक वाचताना वाटतं. खरं तर बऱ्याचदा ती वेगवेगळ्या खोल्यांत बसून बोलत असतात.

वेळेपासून सुरू करा, कारण प्रसंगात सगळ्यात भक्कम माहिती त्याचीच आहे. कोहेन आणि फेल्सन यांचा १९७९ चा दैनंदिन व्यवहारांचा सिद्धांत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उत्पन्न वाढलं, शिक्षण वाढलं, तरी चोऱ्या-घरफोड्या वाढतच गेल्या, हे कोडं त्यांनी घेतलं. त्यांचं उत्तर साधं होतं: लोक दिवसभर घराबाहेर राहू लागले, घरं रिकामी पडू लागली आणि टीव्हीसारख्या महाग वस्तू हलक्या होऊन उचलण्याजोग्या झाल्या. गुन्हा घडायला तीन गोष्टी एका जागी, एका वेळी लागतात: करायला तयार माणूस, हाताला येण्यासारखी वस्तू, आणि रखवालीचा अभाव. इथे विद्यार्थी हमखास चुकतात. रखवालदार म्हणजे पोलीस असं धरून 'बंदोबस्त अपुरा होता' एवढंच लिहितात. सिद्धांतातला रखवालदार म्हणजे ज्याच्या नुसत्या असण्याने हात आखडता घेतला जातो असा कोणीही. सकाळी साडेआठला स्थानकाबाहेर रिक्षांची रांग असते, वडापावची गाडी असते, गाडी लावायला आलेली माणसं असतात. ११ नंतर गाड्या तेवढ्याच, माणसं गायब. मालक लोकलने गेलेला, संध्याकाळी सहा-सातशिवाय परतायचा नाही, हे सगळ्यांना ठाऊक. कुंपणाबाहेरच्या रांगेत तर पावती फाडणाराही नाही.

तरुण तिघांसाठी सदरलँड घ्या. वेगळ्या संगतीचा त्याचा सिद्धांत १९३९ साली आला आणि १९४७ मध्ये नऊ विधानांत पक्का झाला. 'वाईट संगत लागली' असा त्याचा अर्थ लावू नका. ते आजीसुद्धा सांगते. त्याचं म्हणणं नेमकं आहे: गुन्हा शिकला जातो, जवळच्या माणसांच्या गटात शिकला जातो, आणि शिकण्यात दोन भाग असतात, कसब आणि समर्थन. कसब म्हणजे हँडल लॉक कसं काढायचं, कुठल्या मॉडेलला कुठली झिजलेली चावी चालते. समर्थन म्हणजे 'थोडं फिरवून ठेवतोय, विकतोय कुठं'. या दुसऱ्या भागाला साइक्स आणि मॅट्झा यांनी १९५७ मध्ये पाच कप्पे दिले: जबाबदारी झटकणं, नुकसान नाकारणं ('मालकाला विम्याचे पैसे मिळतातच'), बळीलाच दोषी धरणं, दोष देणाऱ्यांवर उलटणं, आणि दोस्तीची आण मोठी मानणं. प्रसंगात जबाब दिलेले नाहीत, म्हणून 'असे जबाब मिळाल्यास हा सिद्धांत बळकट होईल' असं लिहा. सिद्धांताला कुठला पुरावा लागेल हे सांगितलंत की परीक्षकाला कळतं की तुम्हाला तो समजलाय.

हर्शी (१९६९) प्रश्नच उलटा करतो: लोक गुन्हा का करतात हे सोडा, बाकीचे का करत नाहीत ते सांगा. जिव्हाळा, गमावण्यासारखं काही असणं, वेळ गुंतलेला असणं आणि नियमांवर विश्वास, असे चार बंध. सकाळी ११ ते ४ ही वेळ इथेही बोलते: त्या वेळी १६-१७ वर्षांची मुलं शाळा-कॉलेजात किंवा कामावर का नव्हती? हा धागा पकडा. पण सदरलँड आणि हर्शी एकाच परिच्छेदात गोडीगुलाबीने बसवू नका. सदरलँडच्या मते गुन्ह्याची ओढ शिकावी लागते, हर्शीच्या मते ती माणसात असतेच, बंध सैल झाले की बाहेर येते. मुळातच दोन टोकं. एक निवडा, किंवा दोन्ही मांडून कुठली माहिती मिळाल्यास निकाल कुणाकडे झुकेल ते लिहा.

३४ वर्षांच्या माणसासाठी मॉफिट, १९९३. किशोरवयापुरती गुन्हेगारी आणि जन्मभर चालणारी गुन्हेगारी असे दोन गट तिने मांडले. पहिला गट मोठा. मोठेपणाचे अधिकार लवकर हवेत म्हणून नियम मोडतो आणि विशी ओलांडताना बहुतेक थांबतो. दुसरा छोटा, त्याची सुरुवात लहानपणापासून. याला जोड म्हणून फिलाडेल्फियाचा अभ्यास द्या: १९४५ साली जन्मलेल्या ९,९४५ मुलांचा माग काढला, त्यांतल्या ६२७ जणांच्या, म्हणजे सुमारे ६ टक्क्यांच्या नावावर एकूण गुन्ह्यांपैकी जवळपास ५२ टक्के निघाले. मात्र हे ६२७ जण मागे वळून बघताना सापडले. सोळाव्या वर्षी समोर उभा असलेला मुलगा त्यांच्यातला आहे का, हे त्या आकड्यावरून ठरत नाही.

रात्रपाळी

दगडफूल यांचा प्रतिसाद उत्तम, पण '११ ते ४' ही माहिती भक्कम आहे हे मला मान्य नाही. दुचाकी चोरीची फिर्याद कशी असते ते बघा: "सकाळी ९.०० ते सायंकाळी ७.०० वा. चे दरम्यान, कोणीतरी अज्ञात इसमाने लबाडीच्या इराद्याने चोरून नेली." मालकाला गाडी लावल्याची वेळ ठाऊक, गेल्याची नाही. मग २४ चोऱ्या ११ ते ४ मध्येच हे आलं कुठून? सीसीटीव्ही असेल तर ठीक. नसेल आणि कोणी सरळ मधली वेळ धरली असेल, तर ९ ते ७ ची मधली वेळ दुपारी २ येते. म्हणजे चोर कधीही आला असता तरी आकडे दुपारकडेच झुकले असते!

यावर रीत अशी: प्रत्येक चोरी तिच्या पूर्ण कालावधीत समान वाटायची. ९ ते ७ म्हणजे १० तास, म्हणून प्रत्येक तासाला ०.१. दुसरी गाडी १२ ते ४ मधली असेल तर चार तासांना ०.२५. सगळ्या ३१ गाड्यांची अशी वाटणी करून तासागणिक बेरीज केली की खरा भार कुठल्या तासांवर आहे ते दिसतं. तरीही दुपार वर आली तर दैनंदिन व्यवहारांचा सिद्धांत लावा.

हीच गोष्ट '२० गाड्या कुंपणाबाहेर' या आकड्याची. ३१ पैकी २० म्हणजे ६५ टक्के, ऐकायला जोरदार. पण बाहेर गाड्या लागतात किती? समजा बाहेर रोज १५० आणि आत ६००. मग बाहेर दर १०० गाड्यांमागे १३.३ चोऱ्या, आत ११ भागिले ६००, म्हणजे १.८. सातपट धोका. आणि समजा बाहेर १,२०० लागत असतील, तर दर १०० मागे १.७, मग कुंपणाने काहीच साधलं नाही असा अर्थ निघतो. छेद माहीत नसताना अंशावर निष्कर्ष काढायचा नाही. परीक्षेत हे एक वाक्य लिहिलंत तरी पुरे.

एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी काढणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या) अहवालातलं गुन्ह्याचं प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे असतं. राज्यासाठी ते चालतं, स्थानकासाठी नाही. काल्पनिक उदाहरण: स्थानकाच्या प्रभागात ८,००० रहिवासी, वर्षाला ९६ दुचाकी चोऱ्या, प्रमाण १,२००. शेजारच्या निवासी प्रभागात ६०,००० रहिवासी, १८० चोऱ्या, प्रमाण ३००. पहिला चौपट वाईट. आता छेदात रोज उभ्या राहणाऱ्या दुचाकी घ्या: पहिल्यात १२,०००, दुसऱ्यात २०,०००. दर हजारी ८ आणि ९. निकाल फिरला.

सरकारी आकडे वापरताना आणखी दोन खाचखळगे. एका गुन्ह्याच्या नोंदीत अनेक कलमं असली तरी एनसीआरबी त्यातलं सगळ्यात गंभीर कलमच मोजते. चोरीच्या गाडीवरून जाऊन जबरी चोरी केली आणि दोन्ही एकाच एफआयआरमध्ये आलं, तर आकड्यांत जबरी चोरी दिसेल, गाडीची चोरी दिसणार नाही. दुसरं, आकडा म्हणजे नोंद झालेला गुन्हा. २०१९ मध्ये देशात सुमारे ५१.५ लाख दखलपात्र गुन्हे नोंदले गेले, २०२० मध्ये ६६ लाख. टाळेबंदीत देश गुन्हेगार झाला नाही. सरकारी आदेश मोडल्याचे कलम १८८ चे गुन्हे धडाधड दाखल झाले. चोऱ्या-घरफोड्या त्याच वर्षी घटल्या होत्या. केरळचं प्रमाण उत्तर प्रदेश-बिहारपेक्षा वर्षानुवर्षं जास्त दिसतं, त्यातही नोंद करून घेण्याचा वाटा मोठा.

न नोंदलेल्या गुन्ह्यांना 'गुन्ह्यांचा अंधारातला आकडा' म्हणतात. तो सगळ्या गुन्ह्यांत सारखा नसतो, आणि दुचाकीच्या बाबतीत बराच लहान असतो. कारण विमा. कंपनी एफआयआर मागते आणि गाडी मिळाली नाही तर 'अ समरी' मागते, म्हणजे गुन्हा खरा पण उघडकीस आला नाही असा न्यायालयात गेलेला अहवाल. मोबाइलचं उलटं. लोकलच्या गर्दीत खिशातून गेलेला फोन बऱ्याचदा 'गहाळ' म्हणून नोंदवला जातो, आणि गहाळ हा गुन्हाच नाही. म्हणून दुचाकी चोरीचे आकडे दोन शहरांत ताडून बघता येतात, मोबाइल चोरीचे बघू नयेत. इंग्लंड-वेल्समध्ये १९८२ पासून थेट घरोघरी विचारून सर्वेक्षण होतं, अमेरिकेत त्याच्याही आधीपासून. आपल्याकडे तसं दरवर्षीचं राष्ट्रीय सर्वेक्षण नाही.

जाता जाता: प्रश्नातच एक चूक आहे. १६ आणि १७ वर्षांच्या मुलांना 'अटक' होत नाही, 'ताब्यात' घेतात, आणि त्यांना आरोपी नव्हे, विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणायचं.

पहिलंवर्ष

छेदाचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. धन्यवाद. पण मर्टन राहिला. 'गरिबीमुळे चोरी' असं लिहून मर्टनचं नाव दिलं तर चालेल? आणि लोंब्रोसोचं काय करायचं, वगळायचा का? आमच्या नोट्समध्ये त्याला 'गुन्हेगारीशास्त्राचा जनक' म्हटलंय.

जुनाचष्मा

'गरिबीमुळे चोरी' हे मर्टनचं म्हणणं नाही. १९३८ च्या लेखात त्याने नेमकं याच्या विरुद्ध मांडलंय. गरिबी एकटी पुरेशी नाही. समाज सगळ्यांसमोर एकच ध्येय टांगतो, पैसा आणि यश, पण तिथे पोचायच्या सरळ वाटा सगळ्यांना देत नाही. या दोन्हींतल्या फटीतून ताण येतो. ज्या समाजात गरिबाकडून श्रीमंत होण्याची अपेक्षाच नाही, तिथे तीच गरिबी तेवढे गुन्हे जन्माला घालत नाही. त्या ताणाला माणसं पाच तऱ्हांनी तोंड देतात: ध्येय आणि वाट दोन्ही मान्य; ध्येय मान्य पण वाट आडवी; ध्येय सोडलं पण रोजची हजेरी चालू; दोन्ही सोडून बाजूला पडणं; आणि दोन्ही मोडून नवीन काही उभं करू पाहणं. गॅरेजचालक दुसऱ्या तऱ्हेत बसू शकतो.

पण टाकून दिलेल्या १४ गाड्यांपुढे मर्टन थिटा पडतो. तिथे पैसा मिळालेलाच नाही! पेट्रोल संपलं, गाडी सोडली, पोरं चालत घरी. मर्टनवर पुढच्या अभ्यासकांनी घेतलेला जुना आक्षेप हाच: फायद्याविना केलेल्या गुन्ह्यांचं काय? त्यामुळे मर्टन फक्त धंद्याच्या चोरीला लावा आणि फेरफटक्याला तो का लागत नाही ते एका ओळीत सांगा.

गरिबीवर आणखी एक. सदरलँडने अमेरिकेतल्या ७० मोठ्या कंपन्यांविरुद्धचे निर्णय गोळा करून १९४९ मध्ये पांढरपेशा गुन्हेगारीवर पुस्तक काढलं. छापताना कंपन्यांची नावं गाळावी लागली, ती छापलेली आवृत्ती यायला १९८३ उजाडलं. त्याचा मुद्दा असा की गुन्ह्याचं कारण गरिबी असेल तर हे गुन्हे करणारे कोण? आपण तुरुंगातल्या माणसांवरून सिद्धांत बांधतो, आणि तुरुंगात कोण पोचतं हे आधीच गाळून आलेलं असतं.

आता लोंब्रोसो. इटलीतला डॉक्टर, पुस्तक १८७६ चं. व्हिलेल्ला नावाच्या कालाब्रियातल्या एका गुन्हेगाराच्या कवटीत मागच्या बाजूला खोबण दिसली, आणि काही माणसं उत्क्रांतीत मागे राहिलेली, म्हणजे जन्मजात गुन्हेगार असतात, असं त्याने मांडलं. मोठा जबडा, बाहेर आलेले कान वगैरे खुणांची यादी केली. १९१३ मध्ये चार्ल्स गोरिंगने इंग्लंडमधल्या सुमारे ३,००० कैद्यांची मोजमापं इतर लोकांशी ताडली आणि असा वेगळा शारीरिक नमुना सापडत नाही असं दाखवलं. लोंब्रोसोची मूळ चूक पद्धतीची. तुलनेसाठी धड गटच नव्हता. कैद्यांत खुणा शोधल्या, बाहेरच्या लोकांत तितक्याच नेटाने शोधल्या नाहीत.

'जनक' हे बिरुद सांभाळून वापरा. 'क्रिमिनॉलॉजी' हे नाव शास्त्राला रूढ केलं त्याचाच सहकारी गारोफालोने, १८८५ च्या पुस्तकाने. गुन्ह्यांचे नकाशे आणि आकडेवारी ग्वेरी आणि केतले यांनी १८३० च्या आसपासच मांडली होती, आणि बेकारियाचा निबंध तर १७६४ चा.

तुमच्या प्रसंगात लोंब्रोसो विश्लेषणासाठी नको. पण एक गोष्ट मराठी विद्यार्थ्याने विसरू नये. लोंब्रोसोच्या पुस्तकाच्या पाच वर्षं आधी, १८७१ मध्ये, ब्रिटिशांनी इथे गुन्हेगार जमाती कायदा केला होता. युरोपात जन्मजात गुन्हेगार कवटीवरून शोधत होते, इथे तो जातीवरून कागदावर ठरला. हजेरी, गाव सोडायला परवाना, पुढे तारेच्या कुंपणाच्या वसाहती. सोलापुरात 'सेटलमेंट' हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, पण त्याची जागा सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांनी घेतली. आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांतला जातिभेद घटनाबाह्य ठरवावा लागला. विमुक्त जमातींच्या लोकांना सवयीचे गुन्हेगार म्हणून वागवण्याचा मुद्दाही त्याच निकालात आहे.

शिक्का सिद्धांताला याहून चांगलं उदाहरण अमेरिकन पुस्तकात मिळणार नाही. लेमर्ट (१९५१) दोन पायऱ्या सांगतो: आधी नियम मोडला जातो, सगळेच कधी ना कधी मोडतात, मग समाज त्यावरून माणसाला नाव देतो आणि तो त्या नावाप्रमाणे जगू लागतो. बेकरने १९६३ मध्ये ते पुढे नेलं. रोजच्या पोलिसी भाषेत हा शिक्का 'रेकॉर्डवरचा' किंवा 'तडीपार' असा असतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ५६ खाली माणसाला जास्तीत जास्त दोन वर्षं हद्दपार करता येतं. हर्शीच्या नजरेने बघा: घर, काम, ओळखीचे लोक, सगळे बंध एका आदेशात तुटतात. तुमच्या ३४ वर्षांच्या माणसाबद्दल दोन्ही बाजू लिहा. पूर्वीचे गुन्हे आहेत म्हणून त्याने चोरी केली असेल, आणि पूर्वीचे गुन्हे आहेत म्हणून पोलीस आधी त्याच्याच दारात गेले असतील. दुसरी शक्यता खोडायची तर नोंद नसलेल्यांचाही तितकाच तपास झाला होता का, हे विचारावं लागतं.

१६-१७ च्या मुलांबाबत बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये हा सिद्धांत जवळजवळ कलम होऊन बसलाय. शिक्का मारणारे शब्द वापरू नयेत आणि नव्याने सुरुवात करू द्यावी ही तत्त्वं कलम ३ मध्ये आहेत, ओळख उघड करायला कलम ७४ ची बंदी आहे.

उंबरठा

दोन गोष्टींची भर. एक कायद्याची, एक उपायांची.

फेरफटक्यासाठी नेलेली गाडी ही चोरी आहे का, असं कोणी विचारलं तर भारतात हो. लबाडीच्या इराद्याने ताब्यातून हलवणं पुरेसं आहे, कायमची नेण्याचा हेतू लागत नाही. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. एन. मेहरा खटल्यात हे स्पष्ट केलं. तिथे जोधपूरहून परवानगीशिवाय प्रशिक्षणाचं विमान उडवून नेलं होतं. इंग्लंडमध्ये चोरीसाठी कायमचं हिरावण्याचा हेतू लागतो, म्हणून परवानगीशिवाय वाहन नेण्याला १९६८ च्या कायद्यात वेगळं कलम १२ आहे. म्हणजे तुमच्या प्रसंगातल्या १४ गाड्या इंग्लंडमध्ये वेगळ्या कलमाखाली गेल्या असत्या, इथे सगळ्या ३१ सहसा भारतीय न्याय संहितेच्या ३०३(२) खाली एकत्र मोजल्या जातात. दगडफूल यांनी फोड केली ती कायद्याच्या कलमावरून मिळाली नसती. आणि गॅरेजचालक चोर नसून चोरीचा माल घेणारा असेल तर त्याला कलम ३१७.

उपायांकडे वळताना बहुतेक उत्तरं 'शिक्षा कडक करा' इथे संपतात. बेकारियाने तेव्हाच सांगून ठेवलंय की वचक शिक्षेच्या खात्रीने बसतो, क्रौर्याने नाही. ३१ पैकी १२ गाड्या कायमच्या गेल्या, तिथे कमाल शिक्षा तीनाची पाच वर्षं करून हातात काय येणार?

पश्चिम जर्मनीचं उदाहरण जरूर द्या, कारण ते दुचाकीचंच आहे. १९८० मध्ये विनाहेल्मेट चालवणाऱ्यांना जागेवर दंड सुरू झाला. हेतू अपघातातली डोकी वाचवण्याचा. पण १९८० मधल्या सुमारे दीड लाख मोटरसायकल चोऱ्या १९८६ पर्यंत ५४ हजारांवर आल्या. कारण उघड आहे: सहज जाता जाता गाडी उचलणाऱ्याकडे हेल्मेट नसतं, आणि विनाहेल्मेट तो पहिल्याच चौकात अडवला जातो. त्या काळात कारचोऱ्या थोड्याच वाढल्या, सायकलचोऱ्यांनीही ती तूट भरून काढली नाही. 'एका ठिकाणी अडवलं तर दुसरीकडे करतील' हा आक्षेप दरवेळी खरा ठरत नाही, ते असं.

दरवेळी खोटाही ठरत नाही. स्टिअरिंग लॉक पश्चिम जर्मनीने १९६३ मध्ये जुन्या-नव्या सगळ्या मोटारींना सक्तीचं केलं आणि चोऱ्या घसरल्या. ब्रिटनने १९७१ पासून फक्त नव्या मोटारींना लावलं, तर चोर जुन्या मोटारींकडे वळले. अर्धवट उपाय केला की गुन्हा सरकतो. तुमच्या वाहनतळाला हे जसंच्या तसं लागू: कुंपणाची एक बाजू वाढवली आणि रस्त्याकडेची रांग तशीच ठेवली, तर ११ चोऱ्यांमधल्या काही त्या २० मध्ये जाऊन मिळतील.

फेरफटक्याच्या चोऱ्यांना हेल्मेट तपासणी आणि बाहेर जाताना पावती दाखवणं चालेल. धंद्याच्या चोरीवर त्याचा फार परिणाम नाही, तो माणूस हेल्मेट घालूनच येतो. तिथे बाजार आवळायचा: सुटे भाग घेणारी गॅरेजं, भंगारवाले, इंजिन आणि चेसिस क्रमांकांची पडताळणी. घेणारा नसेल तर चोरलेला सायलेन्सर हे नुसतं लोखंड आहे.

'फुटक्या खिडक्या' हा विल्सन आणि केलिंग यांचा १९८२ चा मुद्दा बरेच जण इथे घुसडतात, म्हणजे रस्त्यावरची अव्यवस्था दिसली की गुन्हे वाढतात. रस्त्याकडेची बेकायदा रांग बघून मोह होतो खरा. पण शिकागोच्या मोठ्या अभ्यासांत सॅम्पसन आणि रॉडेनबुश यांना अव्यवस्था आणि गुन्हे दोन्ही एकाच मुळातून येताना दिसले: वस्तीतले लोक एकमेकांवर किती विसंबतात आणि वेळेला मध्ये पडतात. इथे तर स्थानक आहे, वस्तीच नाही. मी तो वगळीन.

पहिलंवर्ष

शेवटचं विचारते. २० गुणांना साधारण ३५ मिनिटं मिळतात. यातलं काय ठेवू?

दगडफूल

पहिली पाच मिनिटं नुसती फोड: १४, ५, १२, आणि कोण कुठल्या खात्यात. मग रात्रपाळी म्हणतात ती वेळ आणि छेद यांची शंका दोन-तीन ओळींत (त्यांचं बरोबर आहे, मी '११ ते ४' फार लवकर मान्य केलं). त्यानंतर वेळ-जागेसाठी कोहेन आणि फेल्सन, पोरांसाठी सदरलँड किंवा हर्शी यांतला एकच, धंद्यासाठी मर्टन मर्यादेसकट, ३४ वर्षांच्या माणसासाठी मॉफिट आणि त्याच्यासमोर शिक्का सिद्धांत. उपायांना शेवटची आठ मिनिटं राखून ठेवा आणि त्यात हेल्मेटचं उदाहरण. लोंब्रोसो आणि फुटक्या खिडक्या नकोत. बेकारिया एका वाक्यात, उपायांच्या आत.

हर्शी घेतलात तर १९६९ चाच घ्या. १९९० मध्ये गॉटफ्रेडसनबरोबर त्याने सगळं आत्मसंयमावर आणलं, त्यावर चक्राकार युक्तिवादाचा आक्षेप आहे: संयम कमी म्हणून गुन्हा, आणि संयम कमी कशावरून, तर गुन्हा केला म्हणून. तो वाद उलगडायला ३५ मिनिटं पुरायची नाहीत.

रात्रपाळी

आणि उत्तरात 'अटक' नव्हे, 'ताब्यात'. फक्त १६ आणि १७ साठी. १९ वर्षांच्याला अटकच.